गाय उलटतेय? मेडिकलच्या काउंटरवर जाऊ नका

पुणे जिल्ह्यातल्या पशुपालकांचे प्रश्न आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांची उत्तरं

प्रश्न (इंदापूर): साहेब, होल्स्टीन संकरित गाय, दुसरं वेत, व्यायल्याला पाच महिने झाले. चार वेळा कांडी भरली (कृत्रिम रेतन केलं), दर वेळी एकवीस दिवसांनी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मेडिकलवाल्याने माजाचं इंजेक्शन दिलंय आणि गर्भाशयात सोडायची एक बाटलीही. दोन्ही देऊन टाकू का?

उत्तर: देऊ नका. दुकानदार परत घेत नसेल तर पैसे बुडाले समजा, पण देऊ नका.

तुमची गाय दर २१ दिवसांनी माजावर येतेय, म्हणजे तिचे बीजांडकोष चालू आहेत. जिला माज येतोच आहे तिला माज आणायचं इंजेक्शन कशासाठी? ते औषध बीजांडकोषावरचं पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे बनणारी, पुढचा माज रोखणारी गाठ) विरघळवतं, एवढंच त्याचं काम. पीतपिंड तयार असेल तरच, म्हणजे माजानंतर साधारण सहाव्या ते सतराव्या दिवसापर्यंत, ते लागू पडतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे दिलं तर पाणी टोचल्यासारखं. आणि गाय गाभण असेल तर तेच औषध गर्भ पाडतं. हे मी गोठ्यात उभं राहून पाहिलंय. कांडी भरून तीन महिने झालेले, गर्भतपासणी केलेली नाही, 'माज दाखवत नाही' म्हणून दुकानातून इंजेक्शन आणलं आणि घरच्या मुलाने टोचलं. गाय माज दाखवत नव्हती कारण ती गाभण होती. गर्भ गव्हाणीमागे पडला आणि वर्ष वाया गेलं. दुकानदाराचं काहीच गेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर कुणी सांगत नाही. हे औषध माणसाच्या कातडीतून आत जातं. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या बाटलीला हातही लावायचा नाही. गोठ्यातलं निम्मं काम घरातल्या बायका करतात आणि बाटली खिडकीत ठेवलेली असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता गाय का उलटते ते. तपासायला गेलो की बहुतेक ठिकाणी पहिला दोष वेळेचा निघतो. सकाळी गाय हंबरली, तुम्ही सातला फोन केला, आठला माणूस आला, भरून गेला. घाई झाली. माज टिकतो १२ ते १८ तास. बीज सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी आणि ते काही तासच जगतं. म्हणून जुना नियम पाळा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतनवाला आपल्या फेरीच्या सोयीने येणार असेल तर त्याला थांबवा. एकाच वेळी दोन कांड्या भरून काही होत नाही, एका कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात. गाय २४ तासांनंतरही माजावर असेल तर बीज उशिरा सुटत असण्याची शक्यता असते. तिथे दुसऱ्यांदा भरायचं की औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, बघायला शिका. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा असेल तर भरा. त्यात पांढुरके धागे किंवा पुवासारखं काही दिसलं तर तो माज सोडून द्या. 'एक माज गेला' म्हणून हळहळू नका, घाणीत भरलेली कांडी गेलीच म्हणून समजा. तुमच्या गाईचा सोट कसा आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि ती बाटली देणाऱ्यानेही विचारलं नसणार. गर्भाशयात प्रतिजैविक आंधळेपणाने सोडलं तर आतल्या अस्तराची जळजळ होते, जंतू औषधाला सरावतात आणि ते दूध डेअरीला घालता येत नाही. तपासणी आधी, बाटली नंतर.

रेतनवाल्याकडे थर्मामीटर आहे का तेही बघा. उणे १९६ अंशांतून निघालेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची असते. काखेत धरून, तळहातावर चोळून वितळवणारे महाभाग अजून आहेत. असा माणूस दारात आला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

खुराकाचं थोडक्यात. तुमच्याकडे कारखाने सुरू झाले की गव्हाणीत उसाच्या वाढ्यांशिवाय दुसरं काही नसतं. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. चुन्याची निवळी शिंपडून द्या आणि सोबत कडवळ, मुरघास किंवा घास असू द्या. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, बस्स. 'लवकर गाभण राहावी' म्हणून मूठ-मूठ घालायला सांगणाऱ्याला पिशवी लवकर संपवायची असते. एक खनिज जास्त झालं की दुसरं अंगी लागत नाही. गोळी पेंडही हाच प्रकार. प्रथिनं गरजेपेक्षा वाढली तर गाय धरत नाही, दूध मात्र दिसतं आणि म्हणून कुणाला शंका येत नाही.

आणि दावण सोडा. हे मी प्रत्येक गावात सांगतो, लोक कंटाळलेत, तरी सांगतो. दाव्याला बांधलेली गाय दुसरीवर चढणार कशी आणि तुम्हाला माज कळणार कसा? मुक्तसंचार गोठ्याला सिमेंट-पत्रा लागत नाही. चार लाकडं, जाळी, झाडाची सावली, पाण्याची टाकी एवढं पुरतं. पहाटे आणि रात्री नऊनंतर वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, मोबाइल घरात ठेवून. जी गाय दुसरीला अंगावर चढू देते आणि हलत नाही, ती खरी माजावर. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर लावा: व्यायली कधी, माज कधी, भरली कधी. व्यायल्यावर पहिले ६० दिवस भरू नका. भरल्यावर अठराव्या ते चोविसाव्या दिवसात डोळ्यात तेल घालून बघा, आणि उलटली नाही तरी दोन-अडीच महिन्यांनी गर्भतपासणी कराच. ही तपासणी केली असती तर वर सांगितलेला गर्भ पडला नसता.

प्रश्न (जुन्नर): म्हैस उन्हाळ्यात माजच दाखवत नाही. गूळ, पपई, गरम गोळ्या सगळं झालं.

उत्तर: झालं ना? आता बंद करा. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका, म्हणजे बाहेरून न जाणवणारा असतो आणि बहुतेकदा रात्री येतो. काळी कातडी, घाम कमी, तिला आधी गारवा हवा. दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी, दाट सावली, वैरण पहाटे आणि रात्री. लघवीच्या वेळी, बसल्यावर सोट पडतो का ते बघा. एवढं करून महिनाभर काही दिसलं नाही तर डॉक्टरांकडून बीजांडकोष तपासून घ्या. पाऊस पडून हवा गार झाली की कित्येक म्हशी आपोआप माजावर येतात, आणि श्रेय शेवटच्या गोळीला जातं.

प्रश्न (शिरूर): व्यायल्यावर वार पडली नाही तर किती वेळात ओढून काढावी?

उत्तर: ओढायचीच नाही. वीट बांधायची नाही, हात घालायचा नाही. बारा तास झाले तर डॉक्टरांना बोलवा. ओढल्याने गर्भाशयाला आत जखमा होतात आणि हीच गाय पुढे उलटणारी म्हणून माझ्याकडे येते. पडलेली वार किंवा गर्भ उघड्या हाताने उचलू नका आणि कुत्र्यालाही टाकू नका, ब्रुसेला हा गर्भ पाडणारा आजार माणसालाही होतो.

प्रश्न (खेड): नऊ खिलार गाई आणि घरचाच वळू, पाच वर्षांपासून. वासरं लहान निघायला लागलीत. टॉनिक सुचवा.

उत्तर: टॉनिक नाही, वळू बदला. पाच वर्षांत तो आपल्याच कालवडींना भरतोय, वासरं खुजी निघणारच. अडीच-तीन वर्षांनी वळू बदलायचा किंवा दुसऱ्या कळपाशी अदलाबदल करायची, आणि नव्या वळूची ब्रुसेला व क्षयाची तपासणी झाल्याशिवाय त्याला कळपात घ्यायचं नाही. महिनाभर वेगळा बांधा. गोऱ्हे वर्षाच्या आत वेगळे करा, नाहीतर कालवडी वेळेआधीच गाभण राहतात. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिलारला भाव आहे, म्हणून कुणी 'उंची वाढवायला' दुसऱ्या जातीचं रेतन सुचवेल. ऐकू नका. कळप बिघडायला एक पिढी पुरते.

योजनांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: बारा अंकी बिल्ला कानात हवा, त्याशिवाय नोंद नाही. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच; गाभण जनावराला नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या नंबरवर फोन करा. बाकीचं दवाखान्यात विचारा. लिंग वर्गीकृत कांडीने नव्वदच्या आसपास टक्के कालवडी होतात हे खरं, पण तिच्यात शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूप कमी असतात. ती निरोगी, वजनाने भरलेल्या कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या चांगल्या गाईला. चार वेळा उलटलेल्या गाईला 'आता ही महागाची भरून बघू' म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.