वाचकांचे प्रश्न : पठारावरचा वारा मोजायचा कसा?

प्रश्न : पाटण तालुक्यात पठारावर आमची जमीन आहे, वनकुसवडेच्या पवनचक्क्या तिथून दिसतात. एका मध्यस्थाने जून ते सप्टेंबर 20 मीटरच्या खांबावर वारा मोजला आणि जागा उत्तम असल्याचं सांगितलं. यावर विसंबावं का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्याकडे जोर मोसमी वाऱ्याचा. तेवढेच महिने मोजले तर ऑक्टोबरनंतरची मरगळ कागदावर येतच नाही. सलग 12 महिने मोजायलाच हवं. शिवाय ते वर्ष एरवीपेक्षा जोराचं होतं की मंद, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा जागा हेरायला चांगला, पण त्यावरून चक्की उभारू नये.

सगळ्यात मोठी गफलत उंचीत होते. 20 मीटरवर वेग सेकंदाला 5 मीटर मिळाला की एक सप्तमांश घातांकाचं सूत्र (उंची जितक्या पट, त्याच्या 1/7 घाताइतका पट वेग) लावून 100 मीटरवर 6.3 मांडतात. ते सूत्र मोकळ्या सपाट माळाचं. कड्यावरून चढून आलेला वारा जमिनीलगतच वेग घेतो, वर फारसा वाढत नाही. घातांक 0.05 निघाला तर 100 मीटरवर जेमतेम 5.4 मिळतील. ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वीज कागदावरच राहिली! म्हणून मास्ट, म्हणजे मोजणीचा खांब, चक्कीच्या हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याच्या) किमान दोन तृतीयांश उंचीचा घ्या, तीन उंचींवर वेगमापक बसवा आणि घातांक तिथल्याच नोंदींतून काढा.

घनामुळेच नुसती सरासरीही फसवते. वर्षभर 6 चा वारा असेल तर घन 216. अर्धं वर्ष 9 आणि अर्धं 3 असेल तर सरासरी 6च, पण घनांची सरासरी 378. तेव्हा लॉगरमधल्या (नोंदी साठवणाऱ्या यंत्रातल्या) दर 10 मिनिटांच्या मूळ नोंदी मागून घ्या.

जाळीच्या मास्टच्या आडोशाला वेगमापकाचे कप मंदावतात. मापक ज्यांच्या टोकाला बसवतात ते आडवे दांडे मुख्य वाऱ्याला काटकोनात असावेत. वारा पश्चिमेचा असेल तर एक उत्तरेला, एक दक्षिणेला. एकाच उंचीवर दोन मापक असण्याचा आणखी फायदा आहे. दोघांच्या नोंदींचं गुणोत्तर महिनोन् महिने एकाच बाजूला सरकू लागलं, तर एकाचं बेअरिंग झिजलंय. एकटा मापक असा हळूहळू मंदावला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : उंचावर हवा विरळ असते. हिशेबात फरक पडतो का?

उत्तर : पडतो. 1000 मीटर उंचीवर घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 9 टक्के कमी, उन्हाळ्यात आणखी कमी. कंपनीचा वीजनिर्मितीचा आलेख बहुधा घनमीटरला 1.225 किलो घनता धरून काढलेला असतो. तुमच्या उंचीचा वेगळा मागा.