वादळानंतर गावची लाइट गेली की नाही, हे उपग्रहाच्या फोटोवरून मुंबईत बसून कळेल का?

शहराचं कळतं, वाडीचं नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धनकडचे फोन बंद पडले आणि इथे काहीच समजेना, असं तुम्ही लिहिलंय. मी मुंबईत नकाशांचंच काम करतो, त्यामुळे हे फोटो रोज हाताखालून जातात.

सुओमी एनपीपी आणि नोआ-20 या उपग्रहांवर रात्रीचा उजेड टिपणारा व्हीआयआयआरएस नावाचा सेन्सर आहे. तो रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. त्याच्या फोटोतला एक ठिपका साधारण 750 मीटरचा, म्हणजे अख्खं शिवाजी पार्क भोवतालच्या गल्ल्यांसकट एका ठिपक्यात. वादळाआधीच्या निरभ्र रात्रींचा उजेड काढायचा, नंतरच्या रात्रीशी ताडायचा. जिथे घट मोठी, तिथे लाइट गेलेली. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचं सगळं वीजजाळं आडवं केलं, तेव्हा नासाने असेच नकाशे केले. तिथे सगळ्यांकडे लाइट परत यायला जवळपास अकरा महिने लागले, त्यामुळे कुठला भाग मागे राहिला ते या नकाशांवर दिसत गेलं.

आपल्याकडे पंचाईत वेगळी. एक तर जूनचे ढग. ढगाखाली हा सेन्सर आंधळाच. दुसरं म्हणजे चंद्राचा उजेड. मारिया अमावास्येला धडकलं होतं. निसर्गच्या दुसऱ्याच दिवशी नव्हे, पण तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा! चंद्रप्रकाश वजा करता येतो, तरी फिकट दिव्यांच्या गावात गोंधळ उरतोच. आणि कोकणातल्या वाडीत रात्री दीडला जळतं काय? रस्त्यावरचे चार दिवे. ते गेले तरी ठिपक्यात फरक नगण्य.

मुंबईत उलटं. उजेड भरपूर, पण उंच इमारतींना जनरेटर. शिवाय 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड कोलमडून लोकल जागच्या जागी थांबल्या. रात्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी लाइट आली होती, मग दीडच्या फोटोत काय दिसणार?

त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत याच्या भरवशावर राहू नका. रायगडात काही गावं कित्येक दिवस अंधारात होती; तसल्या लांबलेल्या अंधारासाठी, महाड-अलिबागएवढ्या गावांपुरतं, हे कामाचं आहे. स्वतः बघायचं असेल तर नासाच्या वर्ल्डव्ह्यू साइटवर रात्रीचे फोटो फुकट मिळतात. तुलनेला महिनाभरापूर्वीची त्याच तिथीची रात्र घ्या, आणि त्या रात्री ढग होते का ते आधी तपासा. नाहीतर ढगालाच लाइट गेली समजाल.