वाचकांचे प्रश्न : चारशे खासदार असून सरकार अडचणीत कसं?

प्रश्न : सर, एमपीएससीच्या अभ्यासात वाचलं की १९०६ ला ब्रिटनमध्ये लिबरल पक्षाला तुफान बहुमत मिळालं, मग १९१० मध्ये एकाच वर्षात दोनदा निवडणूक का घ्यावी लागली? बहुमत गेलं कुठे?
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बहुमत होतं, पण एकाच सभागृहात, लोकांनी निवडलेल्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये. ६७० पैकी चारशेच्या आसपास खासदार लिबरलांचे, त्यामुळे कोणालाही वाटेल आता यांना अडवणार कोण. अडवणारे शेजारी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसले होते, तिथे बहुतेकांना सीट बापाकडून वारशाने आलेली आणि कॉन्झर्व्हेटिव्हांचं बहुमत कायमचं. त्यांनी शिक्षणाचं बिल इतकं कापलं की सरकारने ते मागेच घेतलं, एकाच माणसाला अनेक ठिकाणी मत देता यायचं ते बंद करणारं बिल पाडलं, १९०८ ला दारूच्या लायसन्सचं पाडलं.

खरा भडका १९०९ च्या बजेटवरून उडाला. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सत्तरीच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन पोस्टात मिळायला लागलं होतं, शिवाय जर्मनीच्या धाकाने मोठ्या युद्धनौका बांधायच्या होत्या, मग पैसा आणायचा कुठून. अर्थमंत्री लॉयड जॉर्ज म्हणाले, श्रीमंतांकडून आणि जमीनदारांकडून. आपल्याकडे बघा, हायवे चौपदरी झाला की रस्त्यालगतच्या कातळाला सोन्याचा भाव येतो, मालकाने तिथे एक कलम पण लावलेलं नसतं. अशी आयती वाढलेली जी किंमत, तिचा पाचवा हिस्सा सरकारला द्या, एवढंच ते म्हणत होते आणि मला ते आजही पटतं. पण लॉर्ड्समध्ये बसलेले बरेचसे मोठे जमीनदारच. बजेटला त्यांनी हात लावायचा नाही ही शेकडो वर्षांची रीत, ती मोडून ३० नोव्हेंबर १९०९ ला त्यांनी ते ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळलं.

मग जानेवारी १९१० ची निवडणूक. दोन्ही मोठे पक्ष पावणेतीनशेच्या घरात जवळपास बरोबरीत आले आणि चाव्या गेल्या ऐंशीएक आयरिश आणि चाळीस लेबर खासदारांच्या हातात. आयरिश नेते रेडमंड यांचा हिशोब साफ होता, आधी लॉर्ड्सचा व्हेटो, म्हणजे बिल अडवायचा अधिकार, मोडा, म्हणजे आमच्या होमरूलचा, आयर्लंडच्या स्वराज्याचा, रस्ता मोकळा होईल. त्यात मे महिन्यात राजा एडवर्ड वारला, नवीन राजाचं म्हणणं पडलं की पुन्हा लोकांना विचारा, म्हणून डिसेंबरची निवडणूक, आणि निकाल पुन्हा तसाच.

१० ऑगस्ट १९११ चा प्रसंग मुद्दाम वाचण्यासारखा आहे. लंडनमध्ये प्रचंड उकाडा, लॉर्ड्समध्ये व्हेटो कमी करणाऱ्या बिलावर मतदान, पडणार की पास होणार कोणालाच नक्की माहीत नाही. सरकारतर्फे लॉर्ड मोर्ले उठले आणि खिशातला कागद वाचला, की बिल पडलं तर ते पास होण्यासाठी हवे तेवढे सरकारच्या बाजूचे नवे लॉर्ड बनवायला राजा तयार आहे. विरोधातलं प्रत्येक मत म्हणजे त्या नव्या भरतीला मत, हेही त्यांनी बजावलं. बिल १३१ विरुद्ध ११४ ने पास झालं, ते सुद्धा विरोधी पक्षाच्याच काही लॉर्डांनी आणि बिशपांनी सरकारला मत दिलं म्हणून.

होमरूल मात्र १९१४ पर्यंत लोंबकळलं. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांना ते नको होतं, त्यांनी चोरून बंदुका आणल्या, आयर्लंडमधल्या करा (Curragh) छावणीतले ब्रिटिश लष्करी अधिकारी त्यांच्यावर चालून जाण्यापेक्षा राजीनामा देतो म्हणाले, आणि तेवढ्यात महायुद्ध आलं.

प्रश्न : याच सरकारने मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांना तुरुंगात नळीने अन्न भरवलं हे खरं का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : खरं आहे, आणि वाचताना संताप येतो. उपोषणाला बसलेल्या बायकांना १९०९ पासून धरून, नाकातून किंवा तोंडातून नळी घालून भरवायचे. १९१३ ला कायदा केला, अशक्त झाली की सोडा, बरी झाली की परत आत टाका, लोकांनी त्याला नाव ठेवलं मांजर-उंदीर कायदा. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ स्वतः बायकांच्या मताच्या विरोधात होते, आणि पक्षात भीती ही की फक्त मालमत्तावाल्या बायकांना मत दिलं तर ती मतं कॉन्झर्व्हेटिव्हांना जातील.

प्रश्न : आमच्या तालुक्यातले कोतळूकचे गोखले मोर्लेंवर एवढा भरवसा ठेवून होते, मग त्याच मोर्लेंच्या काळात रत्नागिरीच्या टिळकांना मंडालेला कसं पाठवलं?
– एक निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, वर जे कागद वाचणारे मोर्ले आले ते हेच. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे शिष्य, लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टनचे चरित्रकार, आणि १९०५ ते १९१० भारतमंत्री, म्हणजे लंडनमध्ये बसून भारताचा कारभार बघणारे मंत्री. गोखले लंडनला जाऊन त्यांना पुन्हा पुन्हा भेटले, आणि अशा माणसाकडून अपेक्षा ठेवणं यात गोखल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. मोर्लेंनी मुंबईच्या गव्हर्नरला नंतर कळवलं की मला विचारलं असतं तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका म्हटलं असतं. पण शिक्षा काही रद्द केली नाही. केली असती तर इकडचे साहेब बिथरले असते, आणि नाही केली म्हणून कॉमन्समध्ये सरकार पडणार नव्हतं. आयरिशांकडे ऐंशी मतं होती, आपल्याकडे एकही नव्हतं, बायकांकडेही नव्हतं. माझ्या मते या सरकारचा उदारपणा कुठवर गेला हे त्या मतांवरच ठरलं.

मार्च १९१२ चंच घ्या. दहा लाखांच्या आसपास खाणकामगार संपावर गेले तेव्हा लंडनच्या सरकारने महिन्याभरात त्यांच्यासाठी किमान वेतनाचा कायदा करून टाकला. त्याच मार्चमध्ये गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल इथल्या केंद्रीय कौन्सिलात मताला आलं, जिथे १९०९ च्या सुधारणांनंतरही मोर्लेंनी सरकारी बहुमत राखून ठेवलं होतं, आणि ते १३ विरुद्ध ३८ ने पडलं.