घरी बांधलेली स्क्वर्ट बोट: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: मी कुंडलिकेवर आणि ऋषिकेशला गंगेवर प्लास्टिकची कयाक चालवतो. आता स्क्वर्ट बोट स्वतः बांधायची आहे. माझे वजन 68 किलो आहे, तर बोट किती लिटरची (म्हणजे किती घनफळाची) असावी? (पुणे)

आपण योग्य प्रश्नापासून सुरुवात केली आहे, कारण स्क्वर्ट बोट ही अतिशय कमी घनफळाची, चपटी कयाक ज्याची त्याच्याच मापाची असते. हा प्रकार 1980च्या दशकात अमेरिकेत, चीट आणि अपर यॉकिओगेनी या अ‍ॅपलेशियन नद्यांवर, जिम स्नायडर आणि जेसी व्हिटमोर यांच्यासारख्या बांधणाऱ्यांच्या हातून घडला. बोटीचे टोक मुद्दाम पाण्याखाली दाबून तिला उभी करणे, आणि पुढे बोटीसकट संपूर्ण पाण्याखाली जाऊन काही सेकंद वाहत राहणे (याला मिस्टरी मूव्ह म्हणतात), हेच या बोटीचे प्रयोजन आहे.

हिशेब आर्किमिडीजचाच आहे. आपले 68 किलो, बोटीचे सुमारे 9 आणि कपडे, हेल्मेट, लाइफ जॅकेट यांचे 5 असे 82 किलो धरले, तर 82 लिटरची बोट आपल्याला घेऊन अशी तरंगेल की तिचा डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, बरोबर पाण्याच्या पातळीवर येईल. बोट 72 लिटरची केली, तर उरलेले 10 लिटर पाणी आपल्या धडाने बाजूला सारावे लागेल, म्हणजे आपण कमरेच्या वरपर्यंत पाण्यात बसाल. मिस्टरी मूव्हसाठी मी याच बाजूला झुकेन. पण पहिल्याच बोटीत 10 लिटरपेक्षा अधिक कपात करू नये, कारण मग धबधब्याच्या खालच्या उसळत्या पाण्यात श्वास घेणेसुद्धा कष्टाचे होते.

अशी बोट स्वतःच्या वजनाने बुडते हा समज मात्र सोडून द्यावा. धड, डोके आणि लाइफ जॅकेट पाण्याखाली गेले की ती आणखी चाळीसएक लिटर पाणी बाजूला सारतात आणि तेवढाच जोर आपल्याला वर ढकलतो. त्या जोराविरुद्ध खाली नेते ते एडीच्या रेषेवरचे, म्हणजे मुख्य प्रवाह आणि खडकामागचे उलटे पाणी जिथे घासतात तिथले, खाली ओढणारे पाणी. बोटीचा रुंद, सपाट डेक त्या पाण्यापुढे योग्य कोनात धरणे हे वल्हवणाऱ्याचे कौशल्य आहे.

प्रश्न: साचा एकच असताना वेगवेगळ्या वजनाच्या माणसांसाठी बोट कमी-जास्त लिटरची कशी करतात? (कोल्हापूर)

डेक आणि तळ हे दोन भाग साच्यात वेगवेगळे घडवतात आणि जोडण्यापूर्वी त्यांच्या कडा कापून बोटीची उंची कमी करतात. सुमारे तीन मीटर लांब आणि मधोमध साठ सेंटिमीटर रुंद अशा निमुळत्या बोटीचे वरून दिसणारे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर भरते; त्यामुळे सगळीकडून एक सेंटिमीटर उंची कापली की जवळजवळ 10 लिटर कमी होतात. एवढ्याशा पट्टीवर बोटीचा स्वभाव बदलतो, म्हणून कापण्याआधी मोजावे. कडेची रेषा वळणदार असल्याने पाणी भरून मोजता येत नाही. दोन्ही भाग साच्यातच ठेवून, आखलेल्या रेषेपर्यंत थर्मोकोलचे बारीक मणी लिटरच्या मापाने भरावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण बांधणीत याहून मोलाचा तास दुसरा नाही.

प्रश्न: बोटीच्या कवचासाठी कापड आणि ते घट्ट करणारे रेझिन कोणते निवडावे? कार्बनची बोट सर्वांत मजबूत होईल का? (नाशिक)

कार्बन ताठ असतो. खडकाचा थेट फटका बसला की मात्र तो वाकण्याऐवजी तडकतो. केवलार हा कृत्रिम धागा ओढीला विलक्षण चिवट आहे, बाहेरचा थर फुटला तरी तो बोट एकसंध धरून ठेवतो. पण दाबाला तो कमजोर आहे आणि पॉलिश पेपरने घासल्यास त्याचे तंतू पिंजून निघतात. म्हणून बाहेर काचेचे कापड (फायबरग्लास) आणि आत केवलार हा क्रम ठेवावा, तसेच आसनाखाली, टाचांखाली आणि दोन्ही टोकांना जादा ठिगळे द्यावीत. कार्बन हवाच असेल तर डेकच्या ताठपणापुरता वापरावा.

व्यावसायिक कारखान्यांत व्हिनाइलएस्टर हे रेझिन चालते, परंतु त्याचा वास आणि वाफ घराजवळ नको. त्याचा एमईकेपी हा उत्प्रेरक डोळ्यांना कायमची इजा करू शकतो आणि कोबाल्टच्या प्रवर्तकात थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. घरी इपॉक्सी रेझिनच बरी. हातमोजे तिथेही हवेतच, कारण तिची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण वजनकाट्यावर मोजावे. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्यापूर्वी हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे काम करावे आणि कालवलेले रेझिन उथळ ताटात पसरून ठेवावे. पावसाळी दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो; तो कोमट पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नये, नाहीतर जोड पापुद्र्यासारखा सुटतो.

प्रश्न: पिट्सबर्गमधील एका मित्राची जुनी बोट मिळते आहे. तिच्यावरून साचा काढू का? (अमेरिका)

आकार घडवणाऱ्याची परवानगी असेल तरच. या खेळातले आकार मोजक्या लोकांनी आयुष्य खर्चून घडवलेले आहेत. परवानगी नसेल तर तीच बोट दुरुस्त करून वापरावी.

प्रश्न: जोड आतून कसा द्यावा, आणि पायांना असह्य कळ लागते त्याचे काय करावे? (ठाणे)

बोट कुशीवर उभी करून एका वेळी एकच बाजू जोडावी, म्हणजे रेझिनने भिजवलेली काचेची पट्टी स्वतःच्या वजनाने जागेवर बसते. टोकांकडे हात पोहोचत नाही, तिथे लांब काठीला बांधलेला ब्रश वापरावा. आतला जोड पक्का झाल्यावरच बाहेरची पट्टी लावावी.

पायांसाठी डेकवर दोन उंचवटे असतात, ते आपल्या पावलांच्या मापाने आणि नेमक्या जागी आहेत याची खात्री डेक घडवण्यापूर्वीच करावी. बूट वापरू नयेत, पातळ निओप्रीनचे मोजे पुरतात. आसनाचा फोम आधी चिकटपट्टीवर ठेवावा, शांत पाण्यात बसून दोन्ही टोके सारखी बुडतात का ते पाहावे आणि मगच तो कायमचा चिकटवावा. एक सेंटिमीटर पुढे-मागे झाले तरी फरक कळतो.

स्प्रे स्कर्टकडे, म्हणजे कमरेला घालून बोटीचे तोंड झाकणाऱ्या आवरणाकडे, फार कमी लोक लक्ष देतात. अर्धा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे 500 किलोचा भार पडतो, म्हणजे स्कर्टच्या सुमारे 0.1 चौरस मीटर क्षेत्रफळावर 50 किलो. साधा स्कर्ट तिथे आत कोसळतो, म्हणून जाड निओप्रीनचा, खालून आडव्या पट्टीचा आधार असलेला घ्यावा. डेकवरही तोच भार येतो, तेव्हा पुढे आणि मागे मधोमध बंद पेशींच्या फोमची उभी भिंत बसवावी. काच आणि केवलारचे हे कवच पाण्याहून जड असते, त्यामुळे बोट सोडून पोहावे लागल्यास तिला तरंगत ठेवणाराही हाच फोम असतो.

नदीवर नेण्यापूर्वी छातीएवढ्या शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, उलटे होऊन बाहेर पडण्याचा सराव करावा. पाय अडकत असतील तर फोम कापावा, आणि पुन्हा करून पाहावे.