वारलेल्या सैनिकाच्या पदकांवर शंका घ्यावी का? आणि खरी-खोटी ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थोरले चुलते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत होते, मागच्या वर्षी वारले. शाळेच्या कमानीवर ‘वीरचक्र विजेते’ असं लिहायचं घाटतंय आणि भावकीतला एक जण म्हणतोय, ‘कसलं वीरचक्र, बिल्ले बाजारातून आणलेत.’ गेलेल्या माणसावर अशी शंका घ्यावी का, आणि घेतली तर तपासायचं कसं?

शंका जरूर घ्या. पण ती कमानीवरच्या मजकुरावर घ्या, चुलत्यांवर नको. अशा भांडणांत बहुतेक वेळा पदकं खरी निघतात आणि त्यांना चिकटवलेलं नाव खोटं निघतं. ते नाव सैनिकाने चिकटवलेलं नसतं. तो गेल्यावर फ्लेक्स छापणाऱ्याने, सत्कार समितीने, कधी घरच्यांनीच प्रेमापोटी चिकटवलेलं असतं. मग कुणीतरी शहाणा उठतो आणि मेलेल्या माणसाला तोतया ठरवतो. याची मला चीड आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साताऱ्याकडच्या एका घरातली पेटी उदाहरणाला घ्या, कारण ती तुमच्याच चुलत्यांची असावी इतकी सारखी आहे. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत पितळी पट्टीवर शिवलेली सात पदकं. कडेला एक पाच टोकांचा तारा, गडद तपकिरी. गावात सगळे त्याला वीरचक्र म्हणायचे, कारण वीरचक्र पाच टोकांच्या ताऱ्यासारखं असतं एवढं ऐकून माहीत होतं. आता हे लक्षात ठेवा: १९६५ चा समर सेवा स्टार पाच टोकांचाच असतो. १९७१ चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टारही पाच टोकांचेच. हे तिन्ही ब्राँझचे, आणि ते त्या त्या रणक्षेत्रातल्या सेवेसाठी मिळतात, एखाद्या विशिष्ट पराक्रमासाठी नाही. वीरचक्र चांदीचं असतं, मध्यभागी चक्र आणि त्यावर सोनेरी मुलाम्याची राजमुद्रा, आणि मागे ‘वीर चक्र’ ही अक्षरं हिंदीत व इंग्रजीत, मधे दोन कमळं. फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. पदक उलटं करून मागे वाचायला दहा सेकंद लागतात. त्या घरात चाळीस वर्षं ते कुणी उलटं केलं नव्हतं.

याच पेटीवरून दुसरा आरोप झाला तो नंबराचा. दोन पदकांच्या कडेवर एक नंबर, तिसऱ्यावर वेगळाच. ‘दोन माणसांची पदकं गोळा केलीत’ असा निष्कर्ष लगेच निघाला. खरी गोष्ट अशी की जवान म्हणून भरती झालेला माणूस नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’ने (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) सुरू होणारा नवा नंबर मिळतो. शिपाई किंवा हवालदार असताना कमावलेल्या पदकावर जुना नंबर आणि तेव्हाचा हुद्दा कोरलेला असतो, नंतरच्या पदकावर नवा. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) दोन्ही नंबर सापडले की विषय संपला. म्हणजे नंबर बदललेला असणं हे बहुतेक वेळा पदकं एकाच माणसाची असल्याचंच लक्षण असतं.

तिसरा आरोप कोऱ्या पदकाचा. सातातल्या एकावर काहीच कोरलेलं नव्हतं. हे बाजारातलंच होतं, अगदी खरं. आणि त्यात लबाडी शून्य होती. मूळ पदक हरवतं, किंवा मंजूर होऊनही हातात पडायला वर्षानुवर्षं लागतात, आणि परेडला तर पूर्ण पट्टी लावावी लागते. म्हणून छावणीच्या बाजारातल्या दुकानातून नक्कल घेऊन पट्टीवर शिवून घेणं ही सैन्यात रोजची गोष्ट आहे. मिळालेल्या पदकाची नक्कल लावणं वेगळं आणि न मिळालेलं पदक लावणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने ‘चोरबाजार’ हा शब्द उच्चारू नये.

आता तुमच्या चुलत्यांच्या पट्टीवर काय असायला हवं ते सांगतो. १९६५ आणि १९७१ दोन्ही पाहिलेल्या, पूर्ण नोकरी केलेल्या सुभेदाराकडे साधारण ही पदकं असतात: समर सेवा स्टार, रक्षा मेडल १९६५, पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल (त्यावर ‘जम्मू-काश्मीर’ किंवा ‘हिमालय’ अशी आडवी पट्टी), स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल, शिवाय नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची. सात-आठ पदकं झाली आणि शौर्यपदक एकही नाही. छाती भरलेली दिसते, ती अशी. रक्षा मेडल आणि संग्राम मेडल त्या काळात फौजेत असलेल्या बहुतेकांना मिळालं आहे. यात कमीपणा काहीच नाही, फक्त ‘विजेते’ हा शब्द इथे बसत नाही.

क्रमही बघा. शौर्यपदक नेहमी पहिलं लागतं, म्हणजे छातीच्या मध्याकडे, समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे. वीरचक्र पट्टीच्या मधोमध किंवा शेवटी शिवलेलं दिसलं तर ते नंतर कुणीतरी घुसवलेलं असण्याची शक्यता मोठी. जुना फोटो असेल तर भिंग घेऊन पहिली फीत बघा. कृष्णधवल फोटोत महावीरचक्राची अर्धी पांढरी फीत ठळक दिसते, सेना मेडलची लाल फितीतली मधली पांढरी रेघही दिसते. वीरचक्राची फीत मात्र दोन्ही बाजूंनी गडद येते आणि फसवते. फोटोवरून वीरचक्राचा निकाल देऊ नका.

फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह दिसलं तर ते ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे युद्धाच्या अधिकृत अहवालात नावाचा उल्लेख. हा सन्मानच आहे, पण त्याचं स्वतंत्र पदक नसतं. गावाकडच्या किती ‘वीरचक्रां’चं मूळ या पानात असतं! सेना मेडलचाही असाच घोळ होतो. ते शौर्यासाठी मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही मिळतं, पदक दिसायला एकच. कशासाठी मिळालं ते कागदच सांगतो.

तो कागद म्हणजे भारताचं राजपत्र. शौर्यपुरस्कार राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेने जाहीर होतात, भाग १ खंड १ मध्ये, आणि अधिसूचनेच्या क्रमांकात ‘प्रेस’ (‘प्रेसिडेंट’चं लघुरूप) हा शब्द असतो. त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण, पुरस्कार कोणत्या तारखेपासून लागू ते, आणि काय केलं त्याचं वर्णन असतं. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावरही शोधता येतं. शोधताना नावावर विसंबू नका. मराठी नावं इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात, आडनाव कधी गाळलेलं असतं, कधी वडिलांचंच नाव आडनावाच्या जागी असतं. नंबर आणि वर्ष यांवरून शोधा, आणि दोन्ही नंबर टाकून बघा. परमवीरचक्राचा दावा असेल तर काम दोन मिनिटांचं आहे: आजवर फक्त २१ जणांना ते मिळालंय. वीरचक्राच्या बाबतीत राजपत्रात नाव नसेल तर वीरचक्र नाही, इतकं हे सरळ आहे.

पण इथेच लोक उलटी चूक करतात आणि याच मुद्द्यावर मी अनेकांशी भांडलो आहे. ‘राजपत्रात नाव नाही, म्हणजे सगळीच पदकं खोटी.’ अरे बाबांनो, समर सेवा स्टार, रक्षा मेडल, दीर्घ सेवा मेडल राजपत्रात नावानिशी छापलीच जात नाहीत! त्यांची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकांच्या सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश) पडते आणि तिथून सेवापुस्तकात येते. राजपत्र चाळून सेवापदक खोटं ठरवणं म्हणजे सातबाऱ्यावर जन्मतारीख शोधणं.

तेव्हा सेवापदकांसाठी डिस्चार्ज बुक उघडा. त्यात पदकांचा रकाना असतो. ते हरवलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्रात नंबर (दोन्ही), हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख लिहा. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीचा आदेश) प्रत, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. ‘पदकं खरी आहेत का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. ‘सेवा-अभिलेखात नोंदलेल्या सर्व पदकांची यादी द्यावी’ असं विचारा. अर्ज काकूंच्या सहीने जाऊ द्या. भावकीतल्या माणसाने माहिती अधिकाराखाली मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली जाण्याची दाट शक्यता आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पुढे पाठवलं तर काम जरा लवकर हलतं.

पेन्शन न मिळालेल्या जवानाचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. उरते ती लाँग रोलमधली (भरती झालेल्यांची कायमची नोंदवही) जुजबी नोंद. म्हणून ‘कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘पदक नव्हतं’ असा होत नाही. तुमच्या चुलत्यांना पेन्शन होती, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे.

पदक हातात घेऊन तपासताना एक गोष्ट अजिबात करू नका: ब्रासो लावू नका, राख-चिंचही नको. कडेवरची अक्षरं बारीक असतात, चारदा घासलं की पुसट होतात आणि पुरावा तुमच्याच हाताने जातो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेला तिरका धरा आणि मोबाइलने फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. मग व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायचं मोजमापाचं साधन) व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. जुनं नाव घासून नवं कोरलेलं असेल तर कड झिजलेली असते आणि व्यास एका दिशेला किंचित कमी भरतो. घासलेल्या जागी अक्षरांची खोली, अंतर आणि वळणही मूळ नावासारखं येत नाही.

आजोबा-पणजोबांच्या काळातली पदकं असतील तर नियम थोडे बदलतात. पहिल्या महायुद्धाची पदकं नावाची असतात: १९१४-१५ च्या ताऱ्यावर मागे, बाकी दोघांवर (ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल) कडेला. व्हिक्टरी मेडल एकटं कधीच दिलं गेलं नाही, सोबत ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. घरात नुसतं व्हिक्टरी मेडल सापडतं, कारण वॉर मेडल चांदीचं, आणि चांदी अडीअडचणीला मोडीत गेली. दुसऱ्या महायुद्धाची भारतीयांची पदकं नावाचीही सापडतात आणि कोरीही, तिथे कोरं म्हणजे खोटं हा नियम लावूच नका. पलटणीचं नावही जुन्या वळणाने असतं. मेसोपोटेमियात (आजचा इराक) कूतच्या वेढ्यात अडकलेली ११० वी मराठा पलटण १९२२ नंतर पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. पदकावर एक आणि कागदावर दुसरं, तरी माणूस तोच.

आता भावकी. खोटा दावा करून जिवंत माणसाने सैनिकाची खूण मिरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. मेलेल्यावर खटला नाही. उलट, घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने गेलेल्या माणसाची बदनामी करणं हाही कलम ३५६ खाली गुन्हा ठरू शकतो, हे त्या गृहस्थांना शांतपणे सांगा. बांधाचं भांडण असेल तर बांधावर भांडा म्हणावं. आणि ‘वीराच्या पदकाला कागद विचारणं हाच अपमान’ म्हणणाऱ्यांनाही माझा तितकाच विरोध आहे. इटलीत पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे काय किंवा राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढणारे, परमवीरचक्र मिळालेले रामा राघोबा राणे काय, त्यांच्या पराक्रमाचं वर्णन अधिकृत कागदावर आहे, म्हणून तर आपण ते आज वाचू शकतो.

हे सगळं भूदलापुरतं आहे. नौदल आणि वायुदलाची रेकॉर्ड ऑफिसं वेगळी आणि सेना मेडलच्या जागी नौसेना, वायुसेना मेडल असतं. पेटी न बघता तुमच्या चुलत्यांना वीरचक्र होतं की नव्हतं हे मी सांगू शकत नाही. राजपत्र सांगेल.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत कमानीचं काम थांबवा, दगडात कोरलेलं खोडायला फार त्रास होतो. फारच घाई असेल तर ‘सुभेदार’, नाव, पलटण आणि ‘१९६५ व १९७१ च्या युद्धांत सहभाग’ एवढंच कोरा. खाली एक ओळ मोकळी ठेवा. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती डिस्चार्ज बुकातच ठेवा.