लेकीच्या मॉडेलिंग पोर्टफोलिओसाठी एफडी मोडायची का?

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंनी विचारलंय : "मुलगी सहा वर्षांची आहे. हॉटेलात झालेल्या ऑडिशनमध्ये मॉडेलिंगसाठी तिची निवड झाली. नोंदणी, फोटोशूट, ग्रूमिंग मिळून ६५,००० रुपये भरायला सांगितलेत. वर्षभरात याच्या चौपट काम मिळेल म्हणतात. मिस्टर मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब लिहितात, पगार ३२,०००. सव्वा लाखाची एफडी आहे. ती मोडू का?"

ताई, नका मोडू. मुलगी गोड आहे, कॅमेऱ्याला बुजत नाही, हे सगळं खरं धरूनच सांगतोय. पत्रात दुसऱ्या कुठल्या शिलकेचा उल्लेख नाही. म्हणजे अडीअडचणीला हाताशी असलेला पैसा तेवढाच, तोही जेमतेम चार महिन्यांच्या पगाराइतका. त्यातला निम्मा एका आश्वासनावर जाणार.

मिस्टरांनाच विचारा, त्यांच्या दुकानात हळदीचा सौदा व्हायच्या आधी कोणी अडत, म्हणजे दलाली, मागतं का? माल विकला जातो, हिशेबाची पट्टी होते, मग अडत. मुलांना काम मिळवून देणारा खरा कोऑर्डिनेटरही मानधन ठरल्यावर त्यातूनच आपलं कमिशन घेतो. ज्याच्या खिशात ६५,००० आधीच पडले, त्याला तुमच्या लेकीला काम मिळालं काय नि न मिळालं काय! आणि एक आठवून बघा : त्या हॉलमध्ये निवड न झालेलं एकतरी मूल होतं का?

फोटोंचं म्हणाल, तर सहाव्या वर्षी दुधाचे दात पडू लागतात. आज काढलेला महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, पुढच्या दिवाळीला ओळखू यायचा नाही. खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले चार साधे फोटो आणि नाव-वय सांगणारा एक छोटा व्हिडिओ सुरुवातीला पुरतो.

खरा खर्च पुढेच आहे. वाई-साताऱ्याकडे चित्रीकरणं होतात म्हणून मुंबई टळेल असं धरू नका. जाहिरातींचा कारभार मुंबईतलाच. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मग अंधेरीपर्यंत लोकल-रिक्षा, खाणंपिणं, दोघींचे तीन-चार हजार एका खेपेला सहज जातात. अशा दहा खेपा होऊन एकही काम मिळालं नाही, तर मिस्टरांचा महिन्याचा पगार गेला. शाळा बुडाली ती वेगळीच.

तरीही हौस असेल तर वर्षाला दहा-बारा हजारांची मर्यादा घाला, तीही महिन्याच्या शिलकेतून. संपले की त्या वर्षापुरतं थांबायचं.

काम मिळालंच तर नियम माहीत असू द्या. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. मानधनाचे किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा करायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावरच मिळतात. 'सगळं रोख देऊ' म्हणणारा भेटला तर तिथूनच माघारी फिरा.

करात बहुतेकांची गल्लत होते. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न साधारणपणे आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं मानधन मात्र मुलाचंच राहतं. त्यासाठी लेकीचं पॅन कार्ड काढा, म्हणजे मानधनातून आधीच कापलेला कर (टीडीएस) तिच्या नावावर दिसेल. त्या पैशांची ठेव केली तर तिचं व्याज मात्र पालकांच्या उत्पन्नात मिळवतात.

लेकीसाठीच काही करायचं असेल, तर ती दहा वर्षांची होण्याआधी पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. वर्षाला किमान २५०, कमाल दीड लाख भरता येतात. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. तो ८.२ टक्केच राहिला असं धरलं, तर एजन्सी मागतेय तेवढेच ६५,००० एकवीस वर्षांत सुमारे ३ लाख ४० हजार होतात. पण म्हणून एफडी मोडून तिथेही भरू नका, तो पैसा बराच काळ अडकतो. महिन्याला पाचशे-हजाराने सुरुवात करा.

एजन्सीला आता एकच निरोप द्या : "आधी काम द्या, फी मानधनातून कापा, तसं लेखी द्या." तयार झाले, तर सही करण्याआधी तो कागद मला पाठवा, वाचून देईन. पैसे ऑनलाइन भरून बसला असाल आणि ते फोन उचलत नसतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.