अमेरिकेतले लोक वाक्यागणिक 'डूड' म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय?

तुमचे अमेरिकन सहकारी कॉलवर एकमेकांना सारखं 'डूड' म्हणतात, तर त्याचा अर्थ काय आणि आपण म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी कॅलिफोर्नियात नोकरी करतो, त्यामुळे हा शब्द दिवसभर कानावर असतो.

शब्दकोशात 'माणूस, गडी' एवढंच मिळेल. तिसऱ्याच कुणाबद्दल बोलताना तेवढं पुरतंही. पण समोरच्याला हाक म्हणून वापरला की सगळा अर्थ सुरात जातो. तुटक, ठासून 'डूड' म्हटलं तर 'बास झालं आता'. लांबवून, वर चढत गेलं तर 'काय सांगतोस!' हळू, उतरत्या आवाजात म्हटलं तर 'फार वाईट झालं रे'. मित्राला नकार देताना शेवटी जोडला तर नकाराची धार कमी होते. आपला 'अरे' आठवा: 'अरे!', 'अरे वा', 'अरे पण...'. काम साधारण तेच. आणि पोरी एकमेकींना बिनदिक्कत 'अरे यार' म्हणतात, तसंच इथे मुलीही मुलींना 'डूड' म्हणतात. माझ्या शेजारी बसणारा सहकारी तर हँग झालेल्या लॅपटॉपलाही म्हणतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ स्कॉट कीसलिंग यांचा २००४ साली या एका शब्दावर चक्क शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांकडून त्यांनी कानावर पडलेले 'डूड' टिपून घेतले. सर्वाधिक वापर तरुण मुलांचा आपसात, त्याखालोखाल मुलींचा आपसात. त्यांचं निरीक्षण मला पटतं: या शब्दात दोस्ती आहे, पण लगट नाही. 'आपण एकाच गटातले, पण मी तुझ्या गळ्यात पडत नाहीये,' असं काहीतरी. त्यामुळे प्रेयसीशी लाडात बोलताना तो सहसा निघत नाही.

गंमत म्हणजे जन्माच्या वेळी ही शिवी नसली तरी टिंगल नक्कीच होती. १८८३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून हा शब्द गाजला, तो इंग्रजांची नक्कल करणाऱ्या, घट्ट विजारी घालून मिरवणाऱ्या श्रीमंत पोरांसाठी. म्हणजे नटवा, छैलछबिला. इव्हँडर बेरी वॉल नावाच्या एका गृहस्थाला तर 'डूडांचा राजा' म्हणायचे. 'यांकी डूडल' या जुन्या गाण्यातल्या 'डूडल'वरून तो आला असावा, असं जेराल्ड कोहेन आणि बॅरी पॉपिक या अभ्यासकांचं मत आहे. (हत्तीच्या ढुंगणावरचा केस म्हणजे डूड, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. थाप आहे, फॉरवर्ड करू नका.)

पश्चिमेकडच्या काउबॉयांनी मग शहरातून हौसेनं आलेल्या पाहुण्यांना हेच नाव दिलं. पैसे घेऊन अशा पाहुण्यांना ठेवून घेणारी गुरांची रँच म्हणजे 'डूड रँच'. वायोमिंगमध्ये अजून आहेत. पुढे विसाव्या शतकात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या बोलीत तो आपसातल्या हाकेसाठी रुळला, साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सर्फरांनी उचलला आणि ऐंशीच्या दशकात देशभर झाला. टिंगल तोवर पार गळून गेली होती.

आता तुमचं काय? बरोबरीचे सहकारी तुम्हाला म्हणायला लागले की खुशाल म्हणा. आधी आपणहून नको. बॉस तिशीतला आणि मोकळा असला तरी त्यानं सुरुवात करेपर्यंत थांबा. क्लायंट, इंटरव्ह्यू आणि गाडी अडवणारा पोलीस यांना अजिबात नाही. बायकांच्या बाबतीत जरा जपून, काहींना पुरुषानं म्हटलेलं आवडत नाही. आणि मेलमध्ये टाळाच, कारण तिथे सूर पोचत नाही आणि तुम्ही हळहळताय की वैतागलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही.